मापाच्या जागी अक्षर

आई गेल्यापासून शिंप्याची लेक मावशीकडे राहून शिकत होती. दीड वर्षानं सुट्टीला घरी आली, तेव्हा बापानं तिच्यासाठी निळा झगा शिवून तयार ठेवला होता. अख्ख्या गल्लीची मापं तोंडपाठ असलेला गडी, पोटच्या पोरीचं माप कशाला विचारेल? झगा खांद्यातच अडकला. पोर "छान आहे" म्हणाली आणि घडी करून तिनं तो खुर्चीवर ठेवला. त्या दोन शब्दांनी बापाचं काळीज चरकलं. चिडली असती तरी परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशीही हो-नाहीपलीकडे बोलणं नव्हतं. कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ती बीजगणित घेऊन बसली होती आणि पेन्सिल चावत होती.

"काय अडलंय?"

"क्षच्या चौथ्या भागात दोन मिळवा म्हणे. पण क्ष किती ते दिलंच नाही! उत्तर काय लिहू?"

"अगं, हा तर माझा रोजचा धंदा. सदऱ्याचा पुढचा भाग, कापड दुमडून, म्हणजे छातीचा चौथा भाग अधिक दोन इंच. काडीपैलवान येवो नाहीतर खरा पैलवान, रीत तीच."

"मग उत्तर?"

"तेच उत्तर. क्ष भागिले चार, अधिक दोन. आकडा माणूस आल्यावर."

तिनं लिहिलं. पुढच्या गणितात दोन क्ष आणि तीन यांचे तिनं बेधडक पाच क्ष केले.

"एका बाहीला क्ष कापड. दोन बाह्या आणि वर तीन इंच पट्टी, म्हणून काय पाच बाह्या शिवू?"

पोर खुदकन हसली. बापाला केवढं बरं वाटलं!

"म्हणजे आकडा आधीच धरून बसायचं नाही," ती म्हणाली.

"मुळीच नाही," तो ऐटीत म्हणाला, आणि त्याची नजर खुर्चीवरच्या झग्याकडे गेली. सारी ऐट उतरली.

"चुकलंच माझं," तो पुटपुटला. गळ्यातली टेप काढून म्हणाला, "उभी राहतेस?"

खांद्याला टेप लावायला हात वाटला होता त्याहून बराच वर न्यावा लागला. "केवढी झालीस गं!"

"फोनवर विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"माप?"

"माप नाही हो, बाबा. काहीही. तुम्ही नुसतं 'जेवलीस का' विचारून फोन ठेवायचात."

शिंप्यानं टेप टेबलावर टाकली, स्टूल तिच्यासमोर ओढलं आणि बसला.

"आता सांग," तो म्हणाला. "मला काहीच माहीत नाही."