खटक्याच्या पोटातलं कुंकू

मित्रांनो, बोटाएवढ्या चकचकीत दांड्याचा जुना खटका मी. छत्रपती संभाजीनगरात वैजनाथकाकांची पांढरी ॲम्बेसिडर आहे, तिच्या डॅशबोर्डवर आम्ही तिघं भाऊ बसतो. एक वायपरचा, एक पंख्याचा आणि मधला मी, हेडलाइटचा. तिघांत मान कुणाचा, हे सांगायला हवं का? अहो, वायपरवाचून गाडी उन्हाळाभर चालते. माझ्यावाचून तिन्हीसांजेला फाटकाबाहेर पडून दाखवा!

माझा जन्म कारखान्यातला. पितळी पट्ट्या, एक स्प्रिंग आणि वर दांडा, एवढाच माझा संसार. मला खाली दाबलं की पोटातल्या पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि दिवे लागतात. याच उजेडात काकांनी तान्ह्या लेकाला, चिन्मयला, दवाखान्यातून घरी आणलं. याच उजेडात पुढं त्याला पुण्याच्या नोकरीसाठी स्टेशनवर सोडलं. काका न बघता हात पुढं करायचे आणि बोट नेमकं माझ्यावर यायचं. त्या बोटाचा मला फार लळा.

कोनाड्यात धूळ खात पडलेल्या वस्तूंची रडगाणी तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. माझं गाणं उलटं आहे. काकांच्या पत्नी यमुनाकाकू दर दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या. पाण्यातलं कुंकू वाळून उडतं म्हणून त्या ते तेलात कालवायच्या. भावांना नुसतं बोट टेकवायच्या, मला मात्र भरघोस टिळा आणि वर अक्षता. "दिव्याचा मान मोठा," म्हणायच्या. मी कसला फुगायचो!

यंदा गणपती उठल्यावर दोघं गंगापूरहून परत येत होते. अंधारून आलं होतं, समोरून ट्रॅक्टरची ट्रॉली येत होती, आणि नेमक्या तेव्हा माझ्या पट्ट्या सुटल्या. दिवे गेले. काकांनी कशीबशी गाडी कडेला घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चिन्मयनं फोनवर हे ऐकलं आणि तो घाबरलाच. "बाबा, गाडी विकून टाकू. दसऱ्याला येतोय, तेव्हा गिऱ्हाईक घेऊनच येतो."

"आणि दिवे नीट झाले तर?"

"झाले तर बघू."

काका त्या दिवशी धड जेवले नाहीत. गाडी म्हणजे त्यांचा जीव.

बजाजनगरहून कचरू मिस्त्री आला. मला दोनदा वर-खाली करून म्हणाला, "काका, हे लई जुनं. आता मिळत नाय. नवीन टाकतो की, पण भोक थोडं मोठं पाडावं लागंल."

"डॅशबोर्ड कापायचा नाही," काका म्हणाले.

"मग घरीच खोलून बघा. पण आधी बॅटरीची वायर काढा बरं का, नाय तर धूर निघंल!"

रविवारी काका सीटवर आडवे झाले आणि काकूंनी टॉर्च धरला. बॅटरी सोडवून काकांनी माझ्या गळ्याभोवतीची चाकी फिरवली, मला मागं ढकललं आणि खालून ओढून काढलं. भावांनाही तसंच. कुठली वायर कुणाची ते कळावं म्हणून काकूंनी शिवणाचे रंगीत दोरे बांधले. मग वर्तमानपत्रावर ठेवून माझं पोट उघडलं.

आत सगळा लाल चिखल! काका घाईनं म्हणाले, "गंज आहे गं. लाल गंज."

काकू वाकल्या. "गंजात तांदूळ असतो होय?"

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "म्हणजे अहो, त्या ट्रॉलीसमोर आपल्याला मीच..."

"वेडी आहेस का? तू त्याचा मान केलास."

"कसला मान? गळा दाबला बिचाऱ्याचा!"

ओरडून सांगावंसं वाटलं, नाही हो काकू! पण खटक्याला कुठली वाचा?

डोळे पुसून काकूंनीच मला हातात घेतलं. पेट्रोलचा बोळा फिरवला, जुन्या ब्रशनं कोपरे घासले, पॉलिश पेपरनं पट्ट्या उजळल्या. पण मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून बसवताना दोऱ्यांचा गोंधळ झाला. मला दाबलं तर वायपर फडफडला! माझा केवढा अपमान! दोघं मात्र पोट धरून हसले. पुन्हा सगळं खोललं, पुन्हा बसवलं. या खेपेला पट्ट्या घट्ट भिडल्या आणि समोरच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी चिन्मयला आणायला स्टेशनवर गेलो. परतताना गाडी त्यानंच चालवली आणि वाटभर मला छळलं. लाव, बंद कर, लाव, बंद कर. मी एकदाही दगा दिला नाही. शेवटी तो म्हणाला, "बाबा, गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो." काका खिडकीबाहेर बघत बसले. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

सकाळी काकू ताट घेऊन आल्या. बॉनेटला टिळा लावला, झेंडूची माळ घातली. मग दार उघडलं. कुंकवाचं बोट माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांची सवय ती! काकूंनी बोट पुसलं, कोरड्या पदरानं मला हळूच स्वच्छ केलं आणि कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाल्या, "रागावू नको हं."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंवर माया करा, भरभरून करा. पण ती माया त्यांना मानवते का, तेही बघत जा. आम्हाला नको म्हणता येत नाही.