खिडकीबाहेरचा प्रेक्षक

मित्रांनो, मुरुडच्या बसस्टँडसमोर मुनीबचं चहाचं हॉटेल आहे. त्या हॉटेलातल्या फळीवर बसलेला, मागं भलीमोठी ढेरी असलेला जुना टीव्ही म्हणजे मी. माझ्या वयाचे टीव्ही कधीच भंगारात गेले. मी अजून चालतो, आणि खरं सांगायचं तर हल्ली चालायची लाज वाटते. का, ते सांगतो.

मला लालमहंमद यांनी आणलं, मुनीबच्या वडिलांनी. लातूरच्या दुकानातून टेम्पोत घालून, स्वतःच्या शालीत गुंडाळून. माझा जन्म कारखान्यात झाला म्हणतात, पण मला आठवतो तो त्या शालीचा वास. लालमहंमद यांनी मला फळीवर ठेवलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "टीव्ही सगळ्याचा हाय. चहा घ्या, नका घेऊ. मॅचला या."

लोक यायचे हो. मोठी मॅच असली की बाकडी पुरायची नाहीत. साखरेच्या पोत्यांवर, पायरीवर, दाराच्या उंबऱ्यावर माणसं बसायची. लोकांना वाटतं, सगळे टीव्हीकडं बघतात. पण मीही त्यांच्याकडं बघत असतो. इतकी वर्षं मी सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या चेहऱ्यांत एक श्रीमंतचा होता. जवळच्या खेड्यातला शेतकरी, मुनीबचा शाळासोबती. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. एकदा तो शेतातून थेट आला, पुढच्या बाकड्यावर टेकला आणि लगेच आपली विकेट गेली. त्याच्या मागोमाग दुसरी गेली. तंबाखू थुंकायला तो बाहेर गेला तर षटकार बसला. झालं, तेव्हापासून ठरूनच गेलं. मॅच अडचणीत आली की दयानंद, म्हणजे पलीकडचा पंक्चरवाला, मोठ्यानं म्हणायचा, "मामा, बाहेर."

मामा हसत उठायचा, हात जोडायचा आणि बाहेर जाऊन खिडकीला पाठ लावून उभा राहायचा. नुसतं बाहेर जाऊन भागत नसे, माझ्याकडं पाठही करावी लागे. मग मुनीब स्वतः चहा घेऊन बाहेर जायचा.

"किती झालं रे?" मामा मागं न वळता विचारायचा.

"दहा पायजेत. दोघंबी टिकून राहिले. तू हालू नको."

असं मुनीब त्याला चेंडूचेंडूचं सांगायचा. जिंकलो की सगळे मामाला खांद्याला धरून आत आणायचे आणि पहिली जिलेबी त्याच्या तोंडात घालायचे. "मामानं जिंकून दिली," असं म्हणायचे. त्याचा चेहरा असा खुलायचा की मी ते शेवटचे क्षण परत दाखवताना अगदी स्वच्छ दाखवायचो. नाहीतर ऐन ओव्हरला मुंग्या दाखवायची माझी खोड सगळ्यांना ठाऊक आहे. मामानं एकाही मोठ्या मॅचचा शेवट घडताना पाहिलेला नव्हता. त्यानं तो मुनीबच्या तोंडून ऐकला होता, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

लालमहंमद गेले. हॉटेल मुनीबकडं आलं. आणि हळूहळू माझ्यासमोरच्या माना खाली झुकायला लागल्या. सगळ्यांच्या हातात मोबाईल आले होते. माझ्यावर गोलंदाज अजून धावतच असायचा आणि कुणीतरी ग्रुपवर बघून म्हणायचं, "गेला, आऊट." पुढं मी काय दाखवायचं सांगा? शिळी बातमी. बाकडी रिकामी पडू लागली. लोक मॅच बघण्यापेक्षा मॅचवर लोक काय लिहितात ते बघू लागले. कुणाची टर उडवली, कुणावर कसला विनोद केला, यातच त्यांचा वेळ जायचा. मामा मात्र यायचा. तोच एकटा माझ्याकडं बघायचा, म्हणजे बाहेर काढेपर्यंत.

मुनीबला गिऱ्हाईक तुटल्याची काळजी होती. कुणीतरी सुचवलं म्हणून त्यानं हॉटेलच्या नावानं मोबाईलवर खातं उघडलं. भजी तळतानाचे व्हिडिओ टाकले, ते कुणी पाहिले नाहीत. मग दिवाळीनंतरची ती फायनल आली. आपण हरलो ती. तुमच्या घरीही त्या संध्याकाळी जेवणं कशीतरीच झाली असतील.

त्या संध्याकाळी विकेट पडेना, तशी दयानंदनं आरोळी दिली. मामा उठला. मुनीबनं मोबाईल वर धरला. मामाला बाहेर पिटाळणारी माणसं, हात जोडणारा मामा, मग खिडकीत दिसणारी त्याची पाठ, हे सगळं त्यानं टिपलं. वरून स्वतःचा आवाज दिला, "ही आमच्या मुरुडची पनवती. आत आली की गडबड झालीच म्हणून समजा." मामा वळला, मोबाईलकडं बघून हसला आणि हात हलवला. मोबाईल मुनीबच्या हातात होता, तेव्हा त्यानं का हसू नये?

मुनीबनं तिथल्या तिथं तो व्हिडिओ टाकला.

आपण हरलो आणि तो व्हिडिओ पेटला. चिडलेल्या लोकांना राग काढायला कुणीतरी हवं होतं. हा वळला म्हणूनच हरलो, असं कुठल्या कुठल्या गावच्या लोकांनी लिहिलं. कुणी मामाच्या फोटोवर काळी बाहुली लटकवली, कुणी त्याला विमानतळावर उभं केलं, कुणी परीक्षेच्या वर्गात. कुणीतरी त्याचा नंबर हुडकला. मग अनोळखी माणसं त्याला फोन करून सांगू लागली, "मामा, उद्या आमच्याकडं येऊ नका बरं का."

चार भिंतींतली आमची चेष्टा होती ती. तिच्यात चहा होता, शेवटी जिलेबी होती. व्हिडिओत ती जिलेबी आलीच नाही.

आता माझं ऐका. पुढचे काही दिवस हॉटेल भरून गेलं. कॉलेजची पोरं मोटारसायकलवर यायची, त्या खिडकीशी पाठ करून फोटो काढायची, चहा प्यायची. मुनीबच्या हाताला उसंत नव्हती. माझ्यासमोर पुन्हा चेहरे आले, आणि मित्रांनो, मला आनंद झाला. हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ज्याच्यामुळं ती गर्दी जमली तो माणूस त्या गर्दीत नव्हता. सगळ्यांचे चेहरे बघणारा मी, पण तो एक चेहरा नाही हे मला चार-पाच दिवस कळलंच नाही.

मुनीबला कळलं ते पूनमच्या लग्नात. पूनम ही मामाची एकुलती एक मुलगी. तिला निलंग्याकडं दिली. लग्न तिकडंच होतं. मुनीब नवा सदरा घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलात बाकड्यावर नुसता बसून राहिला. त्याची बायको नाजिया डबा घेऊन आली. तिनं विचारलं, "कसं झालं लग्न?"

तो माझ्याकडं बघत, जणू मलाच सांगतो आहे असं, बोलू लागला.

"मंगलाष्टकं चालू झाली, तरी श्रीमंत दिसंना. कन्यादान चुलत्यानं केलतं. मी हुडकत मागं गेलो, त मांडवाच्या मागं, आचाऱ्याच्या भांड्यापाशी उभा. मांडवाकडं पाठ करून. मुठीत अक्षदा. म्या म्हणलं, अरे येड्या, इथं काय करून राहिला? त म्हणला, नवऱ्याकडची पोरं मोबाईल दावून हसून राहिली. उद्या पोरीला काई दुखलं-खुपलं, त म्हणतील बापानं तोंड दावलं म्हणून. तिचं मंगल कार्य हाय, कशाला आत जायचं."

नाजियानं डबा खाली ठेवला.

"आन मग?"

"मग मला विचारलं त्यानं." मुनीबनं डबा बाजूला सारला. "वळला न्हाई. मला म्हणला, किती झालं रे? आत काय चालू हाय? मी सांगत बसलो, नाजिया. आता अंतरपाट धरला. आता पूनमनं मान वर केली. आता हार घातला. रडून राहिली, पण हसूबी राहिली. तो आयकत होता, आन हातातल्या अक्षदा तशाच, पाठीमागं टाकल्या त्यानं."

नाजिया कमी बोलणारी बाई. ती म्हणाली, "माफी मागितली का तुमी?"

"तोंडच उघडलं न्हाई माझं. व्हिडिओ काढून टाकलाय मी, कवाच."

"तुमी काढला. लोकाच्या मोबाईलातून कोण काढणार?"

त्या दिवशी मुनीबनं मला लावलंच नाही. मी बंद असलो की माझ्या काचेत समोरच्या माणसाचं तोंड दिसतं. तो स्वतःचं तोंड बघत बसला होता.

पुढची मोठी स्पर्धा आली तेव्हा मुनीब स्वतः खेड्यात गेला आणि मामाला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. काय बोलून आणलं ते मला माहीत नाही. मामा वाळला होता. दारापर्यंत आला, आत पाहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आधीच आपण होऊन खिडकीकडं गेला. पाठ करून उभा राहिला. अजून नाणेफेकही झालेली नव्हती.

दयानंदची मान खाली गेली. त्यानं उठून एक बाकडं बाहेर नेलं आणि मामाजवळ ठेवलं. मुनीबनं दयानंदला हाक मारली, आणि दोघांनी मिळून मला फळीवरून उचललं. माझी ढेरी आतल्या लोकांकडं केली आणि तोंड खिडकीकडं. आतल्या कुणीही तक्रार केली नाही. सगळे उठून बाहेर रस्त्यावर आले.

मुनीब सगळ्यांदेखत म्हणाला, "श्रीमंता, माझं चुकलं. लई वाईट केलं मी. आता तोंड वळीव बाबा. टीव्हीच तुझ्याकडं वळवलाय."

मामा वळला नाही. रागानं नव्हे. हळू आवाजात, समजूत घालावी तसं तो म्हणाला, "राहू दे रे, मुनीब. इतकी माणसं आशेनं आलीत. उगं माझ्यामुळं कशाला."

मित्रांनो, त्याला ते खरं वाटू लागलं होतं. इतक्या लोकांनी इतक्या वेळा लिहिलं की त्याच्या मनानं ते मान्य करून टाकलं. पूर्वी तो आमच्या खेळात पाठ करायचा, आता त्याची पाठ खरोखरच वळली होती. मॅच सुरू झाली. त्या दिवशी मी एकही मुंगी येऊ दिली नाही, हिरवं मैदान हिरवंगार दाखवलं, आणि सगळं दाखवलं ते त्याच्या पाठीला.

मुनीब चहा घेऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. तोही माझ्याकडं पाठ करून.

"किती झालं रे?" मामानं विचारलं.

"मला बी दिसंना," मुनीब म्हणाला. "तू वळशील तवा दोघंबी बघू."

त्या दिवशी ते वळले नाहीत. पण मामा परत येतो. मुनीबनं मला अजून पूर्ववत केलेलं नाही, माझं तोंड रस्त्याकडंच आहे. ऊन लागतं, धूळ बसते. माझी धूळ पुसा अशी विनंती मी करणार होतो, जुन्या वस्तू ती करतातच. पण माझं राहू द्या. तुम्ही कधी मुरुडच्या स्टँडवर उतरलात आणि खिडकीशी पाठ करून उभी असलेली दोन माणसं दिसली, तर मोबाईल खिशातच ठेवा. जवळ जा आणि फक्त एवढं म्हणा, "मामा, बसा की. जागा आहे."