गाजराचे राजहंस

पौषातली ती सकाळ सोनसळी होती, दंवधवल होती, समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने किंचित शहारलेली होती. कौलांच्या फटींतून उन्हाचे केशरी कवडसे शाळेच्या सभागृहात उतरत होते. ज्यांच्यावर उतरू नये, त्यांच्यावरही उदारपणे उतरत होते.

कारण खाली मांडली होती विनाअग्नी पाककृतींची स्पर्धा. मुलांनी स्वयंपाक शिकावा, सकस खावे, असा म्हणे तिचा पवित्र हेतू. गाजराचे रक्तिम राजहंस, काकडीच्या हरितवर्ण नौका, बिटाची जांभळी कमळे. सारे आयांनी पहाटे घरी कोरलेले; लेकरांनी फक्त ताटलीत ठेवलेले. आणि चकाकावे म्हणून वरून केसांचे सुवासिक तेल चोळलेले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. इथे तोही केशतेलातला.

शेवटच्या बाकाशी सहावीतली रेवती घाणेकर उभी होती. तिची आई मासळीच्या कारखान्यात पहाटेच जाई, म्हणून तिचे सारे तिनेच केलेले. एकटीने नारळ खवला, मिरची चिरली, लिंबू पिळले, पातळ पोह्यांवर नारळाचे पाणी शिंपडले. आता दडपे पोहे झाकणाखाली, झाकण वरवंट्याखाली, मुरत होते, मऊ होत होते. बक्षीस तिला नको होते. कुणा जाणत्याने एक घास घ्यावा आणि कसे झालेत ते सांगावे, एवढ्यासाठी ती जीव मुठीत धरून उभी होती.

परीक्षक आल्या. आहारतज्ज्ञ भडकमकर बाई. रेशीमझळाळत्या, अत्तरगंधित, स्वतःच्याच कौतुकाने ओथंबलेल्या. राजहंसापाशी थबकल्या.

"यात काय असतं, बाळ?"

"अ जीवनसत्त्व," हंसामागे उभ्या श्रेयसने डोळे मिटून म्हटले. गाजर त्याने जन्मात खाल्ले नव्हते. ते कुणी विचारलेही नाही.

मग शेवटचा बाक.

"हे झाकलेलं का? सजावट कुठाय?"

"दडपे पोहे आहेत, बाई. दहा मिनिटं अजून मुरायला हवेत. मग खाऊन बघाल?"

"आम्ही खात नाही गं, बघतो. साठ ताटल्या चाखायच्या तर संध्याकाळ होईल."

खाण्याची परीक्षा, आणि जिभेला सुट्टी! धन्य ते ज्ञान. बाई पुढे गेल्या आणि रेवतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. तिला फार, फार वाईट वाटले.

राजहंस पहिला आला. भाषणे झाली, आहारावर, आरोग्यावर, उद्याच्या सुदृढ पिढीवर. भाषणे लांबली आणि सुदृढ पिढीच्या पोटात कावळे कोकलू लागले. श्रेयसने आपल्या विजयी हंसाची मान तोडून चावली आणि तोंड वाकडे करून थुंकली.

रेवतीने त्याच्याकडे पाहिले. वरवंटा उतरवला, झाकण काढले. ओल्या खोबऱ्याचा, लिंबाचा, कोथिंबिरीचा ताजा दरवळ बाकांवरून पसरत गेला. आधी श्रेयस आला, मग दोघी, मग पंधरा-वीस जणांचा घोळका. कुणी द्रोणात घेतले, कुणी तळहातावर. सगळे खात होते.

पाहुण्यांचे जेवण अजून आले नव्हते. भडकमकर बाई ताटली घेऊन हळूच आल्या.

"थोडे दे गं, बघू कसे झालेत."

रेवतीने पातेले तिरपे करून दाखवले.

"संपले, बाई. चांगले झाले होते."

"कसे करतात गं?" श्रेयसने विचारले.

"आधी पोहे चाळून घ्यायचे," रेवती म्हणाली आणि खाली मांडी घालून बसली. बाई रिकामी ताटली धरून उभ्याच राहिल्या. आणि मुले, खोबऱ्याने माखल्या बोटांची, लिंबाने ओलावल्या ओठांची मुले, तिच्याभोवती दाटीने, आणखी दाटीने, बसत गेली.