राखून ठेवलेले शेवट

यंदा बारा पुस्तकं वाचून संपवायचीच, असा सूनबाईने संकल्प केला, तेव्हा वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंना भरून आलं. दिवसभर लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभं राहून लोकांच्या कपड्यांना गुलाबी चिठ्ठ्या टाचणारी बाई, आणि वाचनाची काय ही ओढ! वाचलेल्या पुस्तकांचे आकडे मांडायच्या फळ्यावर त्यांनी तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं.

ओढ होतीच हो. पण ती सूडाची होती.

लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हाची गोष्ट. पुस्तक रंगात यावं, शेवटची चार पानं उरावीत, आणि नेमक्या त्या वेळी सासूबाईंनी मागून यावं. हातातलं पुस्तक काढून घ्यायचं, खूणबिण न ठेवता फटकन मिटायचं आणि म्हणायचं, "आधी दूध बघ." बऱ्याचदा दूध गॅसवर नसायचंच.

हेही तिने गिळलं असतं. पण एक पुस्तक होतं निळ्या कव्हराचं, सासरी येताना वडिलांनी हातात दिलेलं. त्यातला नावाडी पुरात बेपत्ता होतो आणि त्याची बायको रोज संध्याकाळी कंदील घेऊन धक्क्यावर उभी राहते. शेवटच्या प्रकरणात, धुक्यात, पाण्यावरून कुणीतरी हाक मारतं. ती कंदील उंच धरते, आणि... "आधी दूध बघ." दुसऱ्या दिवशी ते पुस्तक रद्दीत गेलेलं. पुढे सूनबाईने जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली. वडील गेले, सासरे गेले, तिचे स्वतःचे केस पिकायला लागले. नावाडी आला की नाही, ते काही तिला कळलं नाही.

आणि आता सासूबाईंचे डोळे अधू झाले होते. माणसाचा नुसता आकार दिसायचा, अक्षर नाही. रेडिओला कंटाळून एक दिवस त्या म्हणाल्या, "अगं, संध्याकाळी जरा काही वाचून दाखवशील का मला?"

"दाखवीन की, आई," सूनबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका गोडवा उतरला की तिचं तिलाच नवल वाटलं.

तेव्हापासून रोज कामावरून आली की हातपाय धुऊन ती खुर्ची ओढायची. वाचायची मात्र मन लावून. पात्रांचे आवाज काढायची, रडण्याच्या जागी घसा दाटून आणायची. सासूबाई पलंगाच्या कडेला पुढे पुढे सरकत यायच्या. आणि शेवटची दहाएक पानं उरली, की सूनबाई लॉन्ड्रीतली गुलाबी चिठ्ठी खूण म्हणून घालायची आणि पुस्तक मिटायची.

"अगं, पुढे?"

"आज पुस्तक परत करायचंय, आई. मुदत संपली."

उरलेली पानं वाचनालयाच्या पायरीवर बसून ती एकटी वाचायची. जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखी, हळूहळू. मग आत जाऊन ग्रंथपालबाईंना आपलं मत द्यायची. घड्याळजीच्या खुनाची कादंबरी? खुनी पहिल्याच प्रकरणात कळतो, पण वाचवतो त्याला लेखक शेवटपर्यंत. वाळवंटातलं प्रवासवर्णन? निम्मं पुस्तक उंटाच्या तक्रारीत गेलंय. उंटाला विचारलं असतं तर त्याने आटोपशीर सांगितलं असतं. तीन पिढ्यांची ती जाडजूड कादंबरी? माणसं जरा कमी जन्माला आली असती तर बरं झालं असतं. ग्रंथपालबाई खो खो हसायच्या. सूनबाई हसायची ती वेगळ्याच कारणाने. बाराही पुस्तकांचे शेवट आपल्या गाठीला असतील आणि सासूबाईंकडे एकही नसेल. वर्षअखेर फिटंफाट.

दहावं पुस्तक परत करायला गेली, तर काउंटरवर भांडण चाललेलं. तळमजल्यावरची नर्स, नोकरीतून निवृत्त झालेली, रोज दुपारी सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घालायला येणारी, ग्रंथपालबाईंपुढे घड्याळजीची कादंबरी आपटत होती.

"चुकीचं छापलंय हे! शेवट असा नाहीच."

"अहो, छापलाय तोच शेवट असतो ना?"

"काहीतरीच! खून बायकोने केला, आणि घड्याळजीने मरता मरता सगळी घड्याळं मागे करून ठेवली, तिच्यावर आळ येऊ नये म्हणून. मावशींनी सांगितलं तेव्हा मी ढसाढसा रडले. आणि यात म्हणे नोकराने केला!" तिचं लक्ष सूनबाईकडे गेलं. "बरी आलीस. तुझ्या सासूबाई काय शेवट सांगतात गं! तीन पिढ्यांचा तर अजून कानात घुमतोय."

सूनबाईने हातातलं पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि तशीच मागे फिरली. वर्षभर जिला उपाशी ठेवलं, ती घरबसल्या पंगती उठवत होती! आणि त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच: घड्याळं मागे करण्याची ती गोष्ट खरोखरच छापलेल्या शेवटाहून सरस होती.

घरी येऊन चपला न काढताच ती पलंगापुढे उभी राहिली.

"तुम्ही शेवट रचून सांगता?"

"तू देत नाहीस, मग काय करू?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "डोळे गेलेत माझे. मुदतीच्या थापा कळायला कान शाबूत आहेत."

"मला कसं वाटायचं ते कळलं ना आता? माझ्या बाबांनी दिलेलं पुस्तक रद्दीत घातलंत तुम्ही!"

"घातलं. वाचून मग घातलं."

"वाचून?"

"तू आणि तुझे सासरे जेवताना पुस्तकांवर तावातावाने बोलायचात," सासूबाई म्हणाल्या. "मी वाढत असायची. 'तुम्हाला काय वाटतं?' असं मला एकदाही कुणी विचारलं नाही. म्हटलं, मग हिला तरी शेवट कशाला कळू द्यायचा?"

सूनबाई मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे नावाडी... तुम्हाला माहीत आहे?"

"आहे. आधी माझे दहा शेवट टाक."

पुढचे कितीतरी दिवस सूनबाई वाचनालयातून जुनीच पुस्तकं पुन्हा आणत राहिली आणि शेवटची पानं वाचत राहिली. प्रत्येक शेवटाला सासूबाई नाक मुरडायच्या. "एवढंच? माझा बरा होता." आणि सूनबाई रागारागाने पण खरं तेच बोलायची, "होता." मग तो बरा का, यावर दोघींची जेवण निवेपर्यंत जुंपायची. फळ्यावरचा आकडा दहावरच अडकून बसला.

दहावा शेवट झाला, तशी तिने पुस्तक बाजूला सारलं. "आता तुमची पाळी, आई."

सासूबाईंनी उशी पाठीशी घेतली. "धुकं होतं. पाण्यावरून हाक आली. तिने कंदील उंच धरला." आवाज असा खाली उतरला की सूनबाई पुढे झुकली. "नाव जवळ आली. नावेत माणूस उभा होता, खांदे तसेच, पागोटं तसंच. तिने त्याच्या तोंडावर उजेड धरला, आणि बघते तो काय..."

सासूबाई थांबल्या. मान वळवून त्यांनी स्वयंपाकघराकडे नाक केलं.

"आधी दूध बघ."

आज दूध खरंच गॅसवर होतं. भांड्यावरची झाकणी थडथडायला लागली होती. सासूबाई खरा शेवट सांगणार की रचलेला, हे आता कळायचा कुठलाच मार्ग नव्हता, हेही सूनबाईला त्याच क्षणी उमगलं.

स्वयंपाकघरातून चर्रर्र आवाज आला. करपल्याचा वास खोलीभर झाला. सूनबाईने खुर्ची आणखी पुढे ओढली.

"जाऊ दे उतू," ती म्हणाली. "पुढे?"