चौकटीत एकीचीच जागा

थोरल्या बाई खोलीत शिरल्या तेव्हा धाकटी आधीच येऊन बसली होती, आणि तीही मधल्या खुर्चीत, जिथून पडदा अगदी समोर येतो. थोरल्या बाईंनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. यंत्राशी बसलेल्या पुतण्याला त्यांनी विचारले, "ही कोणाच्या बोलावण्यावरून आली?"

"मीच बोलावलं, काकू. त्या सीनमध्ये आईही आहे ना."

"सीनमध्ये टेबल-खुर्च्याही आहेत. त्यांनाही बोलवायचं होतंस."

"बसा, जाऊबाई," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "उभ्यानं राग लवकर चढतो. आणि आता वय झालंय."

थोरल्या बाई भिंतीलगतच्या खुर्चीत ताठ बसल्या. धाकटीने उठून जागा द्यावी याची त्यांनी क्षणभर वाट पाहिली. ती उठली नाही.

ज्या चित्रपटासाठी हे सगळे चालले होते, तो थोरल्या बाईंच्या यजमानांनी काढला होता. लांबरुंद पडद्यासाठी काढला होता, आणि त्यात या दोघी जावा सख्ख्या बहिणी झाल्या होत्या. चित्रपटाचा प्राण होता जेवणाच्या टेबलाचा प्रसंग. पडद्याच्या एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी, आणि मध्ये लांबच लांब टेबल. धाकटी थोरलीवर आरोप करते: बाबांचे औषध कपाटात होते, ते तू त्यांना दिले नाहीस, म्हणून ते गेले. थोरली एक शब्दही बोलत नाही, नुसती ऐकते. ते ऐकणे पाहून थिएटरात माणसे श्वास धरून बसत.

पुढे चित्रपट घरोघरी कॅसेटवर गेला. घरातला टीव्ही जवळपास चौकोनी. त्यात लांबट चित्र बसायचे तर दोन्ही बाजू छाटाव्या लागतात. काय ठेवायचे आणि काय छाटायचे, हे यंत्रावर बसलेला माणूस ठरवतो. त्या वेळच्या माणसाचा नियम सोपा होता: जो बोलतो, तो दिसतो. त्या नियमाने थोरल्या बाई त्या प्रसंगातून समूळ नाहीशा झाल्या. नात्यातली मुले कॅसेट पाहून विचारत, "आजी, त्या भांडणात तुम्ही कुठे असता?" आयुष्यात एकच काम मनासारखे झाले, आणि ते छाटलेल्या बाजूत गेले, हे त्या मुलांना काय सांगणार?

आता त्याच चित्रपटाची डीव्हीडी निघत होती. यजमानांच्या मागे हक्क थोरल्या बाईंकडे होते; त्यांनी कंपनीला परवानगी दिली ती एका अटीवर: टेबलाचा प्रसंग त्यांच्या डोळ्यांदेखत, त्या सांगतील तसाच बसवायचा. कंपनीने ते मान्य केले आणि आपलीही एक अट घातली: पडदा पूर्ण भरला पाहिजे.

"वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून अख्खं चित्र का दाखवत नाही?" थोरल्या बाईंनी मुद्दाम पुन्हा विचारले.

"लोक डिस्क परत आणतात, काकू. म्हणतात, आमचा टीव्ही अर्धा खाल्ला. पट्ट्या फक्त सुरुवातीच्या नावांना चालतात. नाहीतर नावं कापली जातात."

"म्हणजे नावं कापलेली चालत नाहीत, माणसं कापलेली चालतात!"

"फ्रेम या टोकावरून त्या टोकावर सरकवता येईल. आई बोलली की आई, मग तुम्ही."

"तुझ्या काकांनी तिथे कॅमेरा तसूभरही हलवला नव्हता. तू नंदीबैलासारखी मान हलवणार?"

"मग कापून दोन शॉट करू."

"त्यांनी सलग घेतलंय. सलगच राहील. फ्रेम माझ्यावर ठेव."

धाकटी हसली. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे यांना आज कळलं."

"तलवार एकच होती गं. दुसरीचा नुसता खणखणाट."

पुतण्याने मान खाली घालून प्रसंग लावला.

पडद्यावर थोरल्या बाईंचा तरुण चेहरा आला, पडदाभर. बाजूने, न दिसणाऱ्या जागेतून, धाकटीचा आवाज येत होता: तू दिलं नाहीस! कपाटात होतं! थोरल्या बाई आपले डोळे पाहत होत्या. ते डोळे आधी स्थिर होते, मग हळूहळू खाली झुकले आणि झुकलेलेच राहिले.

त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

ते डोळे का झुकले, हे त्यांना पक्के ठाऊक होते. समोर धाकटीचा हात टेबलावरचे कापड चुरगाळत होता, आणि थोरली त्या हाताकडे पाहत होती. खरे बोलणाऱ्याचा हात असा चाळा करत नाही. औषध लपवले ते आरोप करणारीनेच, हे प्रेक्षकाला तिथेच उमगे. पण आता तो हात चौकटीत नव्हता. उरली होती ती आरोप ऐकून शरमेने नजर खाली घालणारी एक बाई. चोरी पकडली गेलेली.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. पुन्हा तेच दिसले.

"किती सुंदर दिसता हो," धाकटी म्हणाली. "असंच ठेव रे. आता अख्खं जग बघेल, मी बोलतेय आणि यांच्या तोंडातून शब्द फुटत नाहीये."

"तुला मुद्दाम इथे यायचं होतं ते यासाठी!"

"यासाठीच." धाकटीचा गोडवा गळून पडला. "त्या कॅसेटनं माझं काय केलं, कधी विचारलंत? समोर कोणी नाही आणि मी आपली केस पिंजारून रिकाम्या जागेवर किंचाळतेय! लोकांना वाटलं, ही मुळातच कजाग. त्यानंतर मला एक धड भूमिका मिळाली नाही. सगळ्या नुसत्या भांडकुदळ सासवा. भाजी घ्यायला गेले तरी पोरं मागून माझी नक्कल करायची. तुम्ही दिसत नव्हतात, जाऊबाई. सुटलात!"

पुतण्या खुर्चीत आक्रसला. "आई, पुरे."

"का पुरे? यांचा हुकूम ना, फ्रेम यांच्यावर? मग राहू दे. थोडं यांनाही सोसू दे."

थोरल्या बाई पडद्यावरच्या झुकलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या. उत्तम काम होते. आजही उत्तम होते. ते लोकांनी पाहावे म्हणून त्या इतकी वर्षे धुमसल्या होत्या, आणि आज ते समोर होते, स्वच्छ, पडदाभर. पण ते पाहून लोक म्हणणार: हिनेच बापाला मारले.

"फ्रेम तिच्यावर ने," त्या म्हणाल्या.

"काकू, पण तुम्हीच तर..."

"मी सांगेन तसं. अट तशीच आहे."

धाकटी उठून उभी राहिली. तिचा आवाज एकदम खाली आला. "जाऊबाई, नका. मला पुन्हा तिथे एकटीला उभं करू नका."

इतक्या वर्षांच्या संसारात धाकटीने त्यांच्याजवळ काही मागितल्याचे त्यांना आठवत नव्हते. त्यांनी ते ऐकले. पुतण्याकडे वळून त्या म्हणाल्या, "थांबलास का?"

त्याने यंत्रावरची मूठ फिरवली. पडद्यावर थोरल्या बाईंचा कान चौकटीच्या कडेला गेला, मग गाल, मग नाक. एक डोळा तेवढा काठावर रेंगाळला आणि तोही गेला. रिकामे टेबल सरकत गेले आणि पलीकडून धाकटी आली, मान ताणून, समोर कोणीच नसताना ओरडत.

"आवाज थोडा कमी करू का, काकू?"

"नाही," थोरल्या बाई म्हणाल्या. "नीट ऐकू येऊ दे."