भरल्या गाडीतच उडणारा फ्यूज

व्हॅनवाल्या काकांना एका फ्यूजने महिनाभर जेरीस आणलं होतं. सकाळच्या अंधुक उजेडात शाळेची मुलं भरून, दिवे लावून निघावं, की दुसऱ्या चौकातच मागचे दिवे बंद! गॅरेजमध्ये नेलं की मात्र गाडी अगदी गुणी. दोन मेकॅनिक डोकं खाजवून दमले. शेवटी काकांनी फ्यूजच काढून टाकला आणि त्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली. कटकट मिटली आणि काका स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाले.

आठवड्याने, त्याच व्हॅनमधून शाळेत जाणारी नात म्हणाली, "आजोबा, गाडीत मी बसते त्या फळीखाली जळका वास येतो."

मुलांना शाळेत सोडून काकांनी तडक वायरिंगवाल्या ताईंचं दुकान गाठलं.

ताईंनी तार पाहून कपाळाला हात लावला. "हे डोकं कोणाचं?"

"माझंच," काका ओशाळले. "रोज कुठे थांबत बसणार, ताई? मुलांना उशीर होतो."

"काका, फ्यूज तुम्हाला छळायला उडत नाही. आत काहीतरी बिघडलंय, हे तो सांगत असतो. तुम्ही त्याचं ऐकायचं सोडून त्याचं तोंडच बांधलंत! आता वायर जळत राहील आणि तुम्हाला सांगायला कोणी नसेल."

त्यांनी मागचे बल्ब काढले आणि फ्यूजच्या जागी एक छोटा बल्ब जोडला. "वायर कुठे पत्र्याला टेकली की हा पेटेल." दिव्यांचं बटण दाबलं. वायरी हलवल्या, दारं आपटली. बल्ब ढिम्म.

"रिकाम्या गाडीत कधी उडाला होता का फ्यूज?" ताईंनी विचारलं.

काका विचारात पडले. "नाही बुवा. भरल्या गाडीतच."

"मग बसा आत. एकेका जागेवर."

काका पुढे बसले, मागे बसले. शेवटी दोन सीटांमधल्या फळीवर टेकले, आणि बल्ब लख्ख पेटला! उठले, विझला. बसले, पुन्हा पेटला.

ती फळी काकांनीच ठोकली होती, चार मुलं जास्त मावावीत म्हणून. वजन पडलं की तिचा एक स्क्रू खालच्या वायरीत घुसून पत्र्याला टेकत होता. फळी उचलली, तर वायर हातभर काळी पडलेली आणि वरची मॅट वितळलेली. नात तिथेच बसायची. घरचीच पोर, कुरकुर करणार नाही, म्हणून काकांनीच तिला ती जागा दिली होती.

"अरे देवा! काय करून बसलो मी!" काका कळवळले.

"वायर मी नवी टाकते," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण उद्या कोणी म्हणालं, आणखी एका मुलाला जरा सरकवून घ्या, तर काय कराल?"

काकांनी जळकी वायर खिशात घातली. त्याच संध्याकाळी ते चार जास्तीच्या मुलांच्या घरी गेले आणि दुसरी सोय बघायला सांगून आले. एका मुलाचे वडील भडकले. "इतके दिवस नेत होतात ना? कधी काही झालं का?"

काकांनी ती वायर त्यांच्या हातावर ठेवली. "झालं होतं. माझ्या नातीच्या पायाखाली."

वडिलांनी वायर उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, "उद्यापासून मीच सोडेन."

वाचकहो, अशा फळ्या आपणच ठोकतो आणि 'जरा सरकवून घ्या' असंही आपणच म्हणतो. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर तिला गप्प करण्याआधी ती का बंद पडते ते शोधू या. आणि घरातलं पोर 'वास येतोय' म्हणालं, तर हातातलं काम टाकून आधी उठू या!