चांगल्या पायाची उडी

मुलांनो, एक पाय उचला. मनातल्या मनात बरं का, नाहीतर शेजाऱ्याच्या अंगावर पडाल. हात कमरेवर ठेवा. आता त्या एकाच पायावर होईल तेवढी लांब उडी घ्या, आणि जिथे टेकाल तिथे गच्च उभे राहा. जमलं?

कोरियातल्या गांगनुंग शहरात दाओन नावाची चौदा वर्षांची मुलगी हीच उडी घेत होती. ती शाळेच्या हँडबॉल संघात खेळायची. डाव्या पायावर उसळून गोल करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका सामन्यात त्याच गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रियेनंतर तिला टाचसुद्धा गादीवरून उचलता येईना. ती रोज व्यायामाला यायची, रडायची आणि रडतरडतच व्यायाम पुरा करायची. असे नऊ महिने गेले.

आज मोजमाप होतं. डाव्या पायाची उडी उजव्याच्या निदान नव्वद टक्के भरली, तरच व्यायाम घेणाऱ्या प्यो बाई खेळायला परवानगी देणार होत्या. दोन आठवड्यांवर स्पर्धा होती. त्या स्पर्धेनंतर संघातल्या मैत्रिणी वेगवेगळ्या शाळांत जाणार होत्या.

आधी उजवा पाय. दाओन उडाली. बाईंनी जमिनीवरची पट्टी वाचून आकडा कागदावर लिहिला, "एकशे अडतीस सेंटिमीटर."

मग डावा. "एकशे सव्वीस! वा गं माझ्या वाघिणी!"

"म्हणजे एक्क्याण्णव टक्के झाले, बाई! करा सही!"

"हिशेब तोंडपाठ करून आलीस वाटतं." बाईंनी जुना कागद काढला. "गेल्या महिन्यात उजवा एकशे बावन्न गेला होता. आज त्याला जेवायला नाही घातलंस?"

दाओन बुटाच्या नाडीशी चाळा करू लागली.

"लांब उडी घेतली की टेकताना माणूस डगमगतो. डाव्यावर तू कशी डगमगलीस, तरी पडली नाहीस! उजव्यावर मात्र मांजरासारखी अलगद उतरलीस."

"शेवटची स्पर्धा आहे, बाई."

"ठाऊक आहे. पण सामन्यात कोणी अंगावर आली, तर हा गुडघा तग धरेल का, हे आजच्या आकड्यांवरून मला सांगता येत नाही. तुला येतं?" बाईंनी पेन आजच्या कागदावर ठेवलं. "बस जरा. जवाचा चहा घेऊन येते."

खोलीत दाओन एकटीच उरली. ती कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग उठली, रेषेवर गेली, हात कमरेवर ठेवले आणि उजव्या पायावर जीव खाऊन उडाली. टेकताना पार डगमगली, पण पाय हलू दिला नाही. वाकून तिने पट्टी वाचली. एकशे चोपन्न.

तिने कागदावरचा एकशे अडतीस खोडला आणि शेजारी नवा आकडा लिहिला. एक्क्याण्णव टक्क्यांचे ब्याऐंशीच उरले. बाई पेले घेऊन दारात आल्या, तेव्हा तिने नाक पुसलं आणि विचारलं, "बाई, उद्या व्यायामाला किती वाजता येऊ?"